सांतेलीसचं दार

शनिवारी सकाळी कॉफी गाळून व्हायच्या आतच फानॉरच्या अंगणात भांडणाला तोंड फुटलं. भांडण दारावरून होतं. गेले तीन दिवस त्या घरात दुसरा विषयच नव्हता.

"दार मिळणार नाही," फानॉर म्हणाला. खुर्ची भिंतीला लावून तो बसला होता आणि दार त्याच्या पाठीमागे उभं होतं. कोणी हात लावायला आलंच तर आधी फानॉरला उचलावं लागलं असतं, आणि फानॉरला उचलणं सोपं नव्हतं.

मोन झाब्रिकोच्या डोंगरावर त्याला नुसतं दार कोणी म्हणत नसे. ते सांतेलीसचं दार. त्रेचाळीस वर्षांपूर्वी, मोठ्या वादळाच्या साली, एका शेजाऱ्याचा पाय मोडला तेव्हा फानॉरच्या बापाने, म्हणजे सांतेलीसने, स्वतःच्या घराचं महोगनीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खाली दोन बांबू बांधले आणि त्यावर घालून त्याला चार तासांची वाट उतरून शहरातल्या इस्पितळात नेलं. दार परत चौकटीत बसवायला म्हणून घ्यावं, तोवर दुसरं कोणीतरी आजारी पडलेलं असायचं. शेवटी बायकोने कंटाळून पडदा लावला, तो अजून पडदाच होता. तरी रीत कोणी सोडली नाही. येणारा माणूस पडद्याबाहेर थांबून "ओने" म्हणायचा आणि आतून "रेस्पे" आल्याशिवाय पाऊल आत टाकायचा नाही.

डोंगरावरचं निम्मं गणगोत कधी ना कधी त्या दारावर आडवं झालं होतं. ते वाहून नेणाऱ्यांची एक सोसायटी होती. तिला अध्यक्ष होता, जनरल होता, झेंडेवाला होता, आणि या सगळ्यांवर कप्तान म्हणून फानॉर होता. वय अठ्ठावन्न, आवाज फाटका, खांदा दगडासारखा.

आता झालं होतं असं की वस्तीत दवाखाना आला होता. म्हणजे एक खोली आली होती. फानॉरच्या मुलाने, आनेलने, नऊ वर्षं आरोग्य खात्याच्या पायऱ्या झिजवल्या, आणि मग सगळ्या डोंगराने कोंबिट करून, म्हणजे मिळून फुकट राबून, ढोल वाजवत, एकमेकांना शिव्या देत, सहा शनिवारांत ती बांधून काढली. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, मागे संडास. महिन्यापूर्वी नादेज नावाची नर्सही आली. सगळं होतं, फक्त दार नव्हतं.

नर्स अंगाने काडी होती, पण बोलण्यात काडीमात्र ढिलाई नव्हती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की पडद्यामागे ती कुठल्या बाईला तपासणार नाही आणि उघड्या खोलीत औषधं ठेवणार नाही. शिवाय आत येताना पाय पुसून यायचं. खात्याचे डॉक्टर त्याच शनिवारी दुपारी पाहणीला येणार होते. खोलीला दार असेल तर नर्स कायमची इथली. नसेल तर तिची रवानगी समोरच्या डोंगरावर, जिथले लोक दोन वर्षांपासून दार लावून तिची वाट बघत बसले होते.

नवीन दार करायचं काम गेर्दाच्या नवऱ्याकडे होतं. गेर्दा ही फानॉरची मुलगी आणि तिचा नवरा विस्ली सुतारकाम शिकत होता. बरीच वर्षं शिकत होता. त्याने केलेलं दार खालून वीतभर आखूड झालं, कोंबड्या ये-जा करायला लागल्या. मग त्याने खाली फळी ठोकली, तर दार उघडेना. मग त्याने ते उघडण्यासाठी हातोडा घेतला आणि दाराचे दोन तुकडे झाले. त्यातल्या एकावर आज दवाखान्याच्या मेजवानीची केळी सोलायला ठेवली होती.

"पापा," आनेल शांतपणे म्हणाला, "आजोबांचं दार त्या चौकटीत बरोबर बसेल."

"तुला काय माहीत?"

केळ्यांपाशी बसलेल्या गेर्दाला हसू आवरेना. तिला नववा महिना लागला होता आणि ती हसली की पोटावरचं केळ्याचं ताट हलत होतं. मग हळूहळू बाहेर आलं ते असं, की फेब्रुवारी महिन्यात फानॉर दुपारचा घोरत पडलेला असताना आनेलने दोरीने दाराचं माप घेतलं होतं आणि ती दोरी गवंड्याच्या हातात दिली होती. दोरीचं दुसरं टोक गेर्दाने धरलं होतं.

"म्हणजे अख्खी खोली तुम्ही माझ्या दाराभोवती बांधलीत."

"हो, पापा."

"माझीच मुलं."

"हो, पापा," गेर्दाही म्हणाली.

फानॉरने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं. सिलोतेन त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. डोंगरावरची सुईण. इथली निम्मी माणसं पहिल्यांदा तिच्याच हातात पडली होती, त्यामुळे ती कोणालाही काहीही बोलू शकत असे. कालपर्यंत ती भावाच्या बाजूने पहाडासारखी उभी होती. नर्स आली तर सिलोतेनला कोण विचारणार, हे कोणी तोंडाने म्हणत नसलं तरी सगळ्यांना समजत होतं. पण आज ती कॉफी पीत होती ती हिरवे रबरी हातमोजे घालून.

"हे काय?" फानॉरने विचारलं.

"नर्सने दिले. बाळंतपणाला मी सोबत असणारच, असं म्हणाली."

"तू फितूर झालीस."

"मी कोणाची झाले नाही," सिलोतेनने बोटं ताणून पाहिली. "मोजे मात्र छान आहेत. आता निघत नाहीत, ते सोड."

तेव्हा फानॉरने आपला शेवटचा मुद्दा काढला, आणि तो खरा मुद्दा होता. उद्या कोणाचं आतडं फुटलं, कोणी झाडावरून पडून डोकं फोडून घेतलं, तर ती पोरगी त्या खोलीत काय करणार? खाली न्यावंच लागेल. आणि दार जर तिकडे खिळ्याला टांगलेलं असेल, तर माणूस कशावर न्यायचा, पडद्यावर? विस्ली म्हणाला, मी स्ट्रेचर करतो, आणि मग सगळ्यांनी विषय बदलला.

जे फानॉर बोलला नाही ते वेगळंच होतं. सोसायटीचा एक नियम होता, सांतेलीसच्या वेळेपासूनचा. दार एकदा खांद्यावर चढलं की ते खालीच जातं. मागे वळायचं नाही, कितीही काही विसरलं तरी. वळून वर येतं ते फक्त मेलेलं माणूस, आणि त्या वेळी गाणं नसतं, ढोल नसतो, बायका डोक्याचे रुमाल सोडून वाटेवर उभ्या राहतात. सतरा वर्षांपूर्वी फानॉर बायकोला, जिलिएनला, तिसऱ्या बाळंतपणात असाच खाली घेऊन निघाला होता. अर्ध्या तासावर, मोठ्या आंब्यापाशी, त्याला दार वळवावं लागलं. सात वर्षांच्या गेर्दाने ते वरच्या कठड्यावरून पाहिलं होतं. त्यानंतर फानॉर दोनशे वेळा तरी तो आंबा ओलांडून गेला असेल, पण तिथे त्याने कधी कोणाला थांबू दिलं नाही. ते दार कुठल्या भिंतीत बसवायचं म्हणजे ती वाट संपली म्हणायचं, आणि ती संपवायला तो तयार नव्हता.

दुपारी मेजवानी मात्र जोरात झाली. डोंगर भांडतो कितीही, पण बकऱ्याचा रस्सा, काळ्या अळंब्यांचा भात आणि तळलेली केळी समोर आली की आधी जेवतो. तिखट पिकलीझ लोणच्याची बरणी फिरत होती आणि तिच्या मागोमाग क्लेरें दारूची बाटली, ती मात्र जास्त वेगाने. सोसायटीच्या जनरलच्या डोक्यात आलं, की दाराचा मान सगळ्यांना दिसला पाहिजे. मग त्यांनी भाताचं मोठं पातेलं दारावर ठेवलं, चौदा जणांनी दार खांद्यावर घेतलं आणि गाणं म्हणत वस्तीभर मिरवलं.

"सरक नदीबाई सरक,
आमची पाहुणी घाईत हाय."

पातेल्यानंतर एका शेजारणीची जुळी मिरवली. मग बकऱ्याचं मुंडकं मिरवलं. मग सिलोतेनला हातमोज्यांसकट वर बसवली आणि ती बिशपसारखी दोन्ही बाजूंना हात हलवत गेली. प्रत्येक वेळी मिरवणूक दवाखान्यावरून जायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कपड्यातली नर्स खिडकीतून हात हलवायची. फानॉरने दोनच घोट घेतले होते, पण त्याच्याही मिशीत हसू यायला लागलं होतं. दार देणार नाही हे पक्कं होतं, पण दाराचं कौतुक कोणाला नको असतं?

तेवढ्यात गेर्दा कढईपाशी उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

"तांत," ती आत्याला म्हणाली, "मला वाटतं, सुरू झालं."

तिच्या पायाखालची चटई भिजली होती. सिलोतेन आपली पिशवी आणायला घरात पळाली. आणि कोणीतरी शंख फुंकला. कोणी फुंकला ते पुढे कधीच बाहेर आलं नाही. जनरल म्हणायचा मी नाही, झेंडेवाला म्हणायचा मी तर जेवत होतो. पण शंख वाजला, आणि त्रेचाळीस वर्षं शंख वाजल्यावर या डोंगरावर जे व्हायचं तेच झालं. चौदा माणसं ताटं टाकून उठली. दार आलं, त्यावर गोधडी आली, गोधडीवर गेर्दा आली. फानॉर डावीकडच्या पुढच्या बांबूखाली शिरला, "उचला" म्हणाला आणि ते निघाले.

कोणी विचार केला नाही. विचार करायला पायांना सवड कुठे होती?

दवाखान्यावरून ते धावतच गेले. गाणं एवढं चढलं होतं की गेर्दा काय ओरडते आहे ते तिलाही ऐकू येत नसावं. नर्स खिडकीत आली. मिरवणुकीची पाचवी फेरी, आता या वेळी गरोदर बाईची पाळी, असं तिला वाटलं असणार. तिने हात हलवला. गेर्दाने दारावरून दोन्ही हात हलवले, जीव तोडून हलवले. नर्सने आणखी जोरात हलवले. आणि मग वळण आलं.

फानॉर उतरत होता. कळ आली की दार खांद्यावर थरथरायचं आणि तो "आलंच, पोरी, आलंच" म्हणायचा, आणि पाय उचलायचा. डोक्यात एकच गोष्ट होती, की आंबा ओलांडायचा, थांबायचं नाही. आंबा दिसला. नेमकं तेव्हाच मागून कोणीतरी दगड घरंगळवत येत असल्यासारखा आवाज आला आणि आनेल वाटेत त्यांच्यापुढे येऊन आडवा उभा राहिला. त्याला धाप लागली होती, एका पायात चप्पल नव्हती.

"पापा. कुठे चाललात?"

"इस्पितळात. बाजूला हो."

"पापा, नर्स वर आहे."

गाणं थांबलं. चौदा माणसं वाटेवर उभी राहिली आणि एकमेकांकडे बघायला लागली. जनरलने टोपी काढून डोकं खाजवलं. झेंडेवाला तर झेंडाही घेऊन आला होता.

"तेच," दारावरून गेर्दा म्हणाली, "तेच मी मघापासून सांगते आहे."

कोणाला आधी हसू आलं ते कळलं नाही, पण आलं. मागच्या बांबूखालचे दोघं हसून हसून वाकले आणि दार कलंडायला आलं. गेर्दाला हसता हसता कळ आली आणि तिने बापाचे केस धरले. मग हसू जसं आलं तसं गेलं, कारण सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. आंबा डोक्यावर होता. आणि दार वळवता येत नव्हतं.

यावर वाद झाला. जनरल म्हणाला, आपण दार वळवू नये, माणसांनी मागे मागे चालावं, म्हणजे तोंड शहराकडेच राहील. सगळ्यांना ते पटलं. करून पाहिलं. सात पावलांवर अध्यक्ष निवडुंगात बसला. झेंडेवाला म्हणाला, डोंगराला वळसा घालून पलीकडून वर जाऊ, म्हणजे वळल्यासारखं होणार नाही. आनेलने विचारलं, किती वेळ लागेल? सहा तास, झेंडेवाला म्हणाला, आणि झेंडा खाली घेतला.

तोवर सिलोतेन गाढवावर बसून पोचली. हातात मोजे तसेच. तिने कोणाकडे पाहिलं नाही. दार खाली टेकवायला लावलं, पुरुषांना पाठमोरं केलं आणि गेर्दाच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. बराच वेळ ठेवले.

"पायाळू आहे," ती म्हणाली. "आणि शहरापर्यंत थांबणार नाही."

"मग इथेच कर," फानॉर म्हणाला. "वाटेवर बाळंतपणं केलीस की तू कितीदा तरी."

"जिलिएनचं असंच होतं, फानॉर." ती उठून त्याच्यासमोर आली आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. "असंच. माझ्या हातचं नव्हतं ते, आणि पहिल्या दिवशीच मला कळलं होतं. मी म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, तेव्हा तू दार उचललंस. सतरा वर्षं तुला वाटतंय की तू हळू चाललास."

फानॉर तिच्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं त्याने त्या दिवसाचं प्रत्येक पाऊल मोजलं होतं, आणि उशीर पावलांत नव्हताच. त्याला रागावायचं होतं, पण बहिणीचा चेहरा बघून त्याला राग सापडेना. तिचे ते हिरवे मोजे तिच्या पोटावर एकमेकांना धरून बसले होते.

"आज मी लगेच सांगते," सिलोतेन म्हणाली. "माझ्या हातचं नाही. त्या नर्सला शहरात शिकवलंय. महिनाभर मी तिची परीक्षा घेत होते, तिला कळू न देता. तिला येतं. वळव."

"वळून वर येतं ते..."

"पापा," गेर्दा म्हणाली, "मी मेलेली नाही. वळवायचं नसेल तर नका वळवू, मी चालत जाते." आणि तिने खरोखरच एक पाय दारावरून खाली सोडला.

"पाय वर घे," फानॉर म्हणाला.

तो बांबूखाली शिरला. बाकीचे हलले नाहीत. नियम नियम होता आणि त्यातल्या कोणाकोणाचे बाप, आया याच दारावर याच वाटेने गप्प वर आल्या होत्या. फानॉरने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मेलेल्याला गप्प आणतात," तो म्हणाला. "म्हणून आपण गायचं. वर बायका बघत असतील. त्यांना दार दिसायच्या आधी गाणं ऐकू गेलं पाहिजे. उचला."

आणि आंब्याखाली, जिथे त्याने सतरा वर्षांत कोणाला श्वास घ्यायलाही थांबू दिलं नव्हतं, तिथे फानॉर वळला, आणि गायला लागला. आवाज त्याचा असा, की चर्चमध्ये त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

"सरक डोंगरा सरक,
आमची पाहुणी घाईत हाय."

दुसऱ्या ओळीला जनरलने साथ दिली, तिसऱ्याला सगळ्यांनी. उतरताना अर्धा तास लागला होता. चढताना किती लागला ते कोणी पाहिलं नाही, पण गाढव मागे राहिलं. कळ आली की गेर्दाही सूर लावायची, तो गाण्याचा नसायचा, पण जोर भरायचा. आनेल पुढे धावला होता नर्सला सांगायला. वरच्या कठड्यावर बायका उभ्या होत्या. दार परत येताना त्यांनी पाहिलं तेव्हा हात आपोआप डोक्याच्या रुमालांकडे गेले. मग गाणं पोचलं. हात तिथेच राहिले. मग एकीने रुमाल सोडला तो सोडलाच, आणि हवेत फिरवायला लागली, आणि बघता बघता सगळा कठडा रुमालांनी फडफडायला लागला.

नर्स दारात उभी होती, म्हणजे दार जिथे हवं होतं तिथे. खिडकीतून हात हलवल्याची लाज तिच्या चेहऱ्यावर अजून होती, पण हात धुतलेले होते. गेर्दाला आत घेतलं. मागून पोचलेली सिलोतेनही आत गेली. नर्सने बाहेर पाहिलं, तर निम्मी वस्ती चौकटीत डोकी घालून उभी.

"दार लावा," ती म्हणाली.

सगळ्यांनी फानॉरकडे पाहिलं. फानॉरने कमरेचा कोयता काढला आणि दाराखालच्या बांबूंच्या दोऱ्या कापल्या. त्रेचाळीस वर्षांच्या गाठी, दोन घावांत सुटल्या. मग चौघांनी दार उभं केलं आणि चौकटीत सरकवलं. ते बसलं. वर बोटभर नाही, खाली बोटभर नाही. आनेलची दोरी बरोबर होती.

बिजागऱ्या नव्हत्या, म्हणून चौघांनी पाठी लावून ते धरून ठेवलं. मधोमध फानॉर. पाठीमागे, लाकडाच्या पलीकडे, त्याची मुलगी ओरडत होती, आणि त्याने उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून घेतले.

अशा वेळी खात्याचे डॉक्टर खेचरावरून येऊन पोचले. घामाघूम, हातात पाहणीचा कागद. त्यांनी आधी चौदा माणसं पाहिली, मग झेंडा, मग दार.

"हे दार आहे का?" त्यांनी विचारलं.

"दारच आहे," फानॉर डोळे न उघडता म्हणाला.

"असंच माणसांनी धरून ठेवणार आहात?"

"जावई बिजागऱ्या आणणार आहे. वरून खिळा उपसून काढता येईल अशा. नर्सच्याने होणार नाही असं कोणी आलं, तर दार पाच मिनिटांत उतरून खाली निघालं पाहिजे. आमचे खांदे आहेतच."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. विस्लीने हळूच विचारलं, बिजागऱ्या मीच बसवू का? नको, असं तिथल्या प्रत्येकाने सांगितलं, डॉक्टरांनीसुद्धा, जरी त्यांना त्याची काहीच माहिती नव्हती.

आणि आतून ते रडणं आलं, आधी चिडलेलं, मग आणखी चिडलेलं. जनरलने झेंडेवाल्याला मिठी मारली. दार धरणाऱ्यांपैकी दोघं नाचायला निघाले. "धरून ठेवा," फानॉर ओरडला, कारण त्याला पाठीमागे वेगळंच ऐकू आलं होतं. नर्सचा आवाज, भराभर, हलका. "इंजेक्शन. तांत, इथे दाबा. नाही, जोरात. अजून." मग पावलं. मग काहीच नाही.

जिलिएनचंही असंच होतं. आंब्यापाशीच मूल झालं, ते वाचलं नाही, आणि मग रक्त थांबेना, आणि मग काहीच नाही. बाहेर ढोल सुरू झाला होता, फानॉरला तो लांबून ऐकू येत होता. त्याने दाराला पाठ लावून ठेवली होती, आणि वाट बघत होता, आणि वाट बघण्यापलीकडे या डोंगरावर त्याला आता कुठे धावायचं नव्हतं. त्याच्या पायांना ते समजत नव्हतं, ते उगाच हलत होते.

शेवटी तो वळला. चौकटीतल्या दाराकडे तोंड करून उभा राहिला, लहानपणी बापाच्या घरापुढे पाहुणे उभे राहायचे तसा, आणि त्या महोगनीवर बोटांनी वाजवलं. त्रेचाळीस वर्षांत त्या दारावर कोणी वाजवलं नव्हतं.

"ओने," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा फाटकाच होता.

आतून कोणी बोललं नाही. आनेलने ढोलवाल्यांना हाताने थांबवलं. डॉक्टरांनी कागद खाली केला.

"ओने," फानॉर पुन्हा म्हणाला.

"रेस्पे, पापा," गेर्दाचा आवाज आला, दमलेला, पण तिचाच. "या. पण पाय पुसून या."